डांबराचा वास

नारळी पौर्णिमा आठवड्यावर आली की आमच्या अलिबागच्या किनाऱ्याला डांबराचा वास सुटायचा. पावसाळाभर शाकारून ठेवलेल्या होड्या कोळी उघड्या करत, फळ्यांच्या फटींत काथ्या ठोकत आणि वरून कढत डांबर फासत. खारा वारा तो काळा, घशाला लागणारा वास घेऊन घराघरांत शिरे. त्याच दिवसांत शेजारच्या काकींच्या पडवीत वाल सोलायला बसायचं असे. मोड आलेले कडवे वाल कोमट पाण्यात टाकलेले; चिमटीत धरून दाबलं की दाणा टुणकन ताटात. आई म्हणे, बिरडं आपल्याकडेही करतात, मग तिकडे कशाला पळतेस? पण काकींच्या बिरड्याला गोष्ट होती.

काकी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या यहुदी. घाणा बंद पडून दोन पिढ्या झाल्या तरी गावातली जुनी माणसं त्यांच्या घराला 'शनवार तेल्यांचं घर' म्हणत. शनिवारी घाणा न जुंपणारे तेली, म्हणून शनवार तेली. त्यांचे पूर्वज नवगावजवळ गलबत फुटून किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, बुडालेल्यांना तिथंच पुरलं, हे काकी अशा सांगत की जणू वाचलेल्यांचे कपडे अजून दोरीवर वाळताहेत. आणि बिरड्याचं कारण असं, की बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजानं यरुशलेमचं देऊळ जाळलं. त्या दिवसाचा उपास. त्याला त्यांच्यात नाव होतं 'बिरड्याचा सण'. इ.स.पू. ५८६ मधलं दुःख कुलाबा जिल्ह्यात वालांच्या वाटणात शिजत होतं, आणि मला, दहा वर्षांच्या मुलीला, त्यात फक्त नारळ जास्त हवा होता.

बाबेल या शब्दाशी माझी ओळख ही अशी, ताटातली. तो देश दुष्टांचा आहे एवढं कळलं. त्या दुष्टांच्या घरून काकींच्या लोकांनी काय काय आणलं होतं, हे कळायला पुढची तीस वर्षं आणि शब्दकोश चाळायची खोड लागली.

सुरुवात डांबरापासूनच झाली. बायबलात देव नोहाला तारू बांधायला सांगतो तेव्हा आतून-बाहेरून डांबर लाव म्हणतो. तिथं मूळ हिब्रूत शब्द आहे 'कोफेर'. डांबर या अर्थानं हा शब्द अख्ख्या हिब्रू बायबलात एकदाच येतो, त्या एका ओळीत. बाकी सगळीकडे डांबराला दुसरे शब्द आहेत: 'हेमार', 'झेफेत'. बाबेलच्या बुरुजाच्या विटा हेमारनं जोडतात. बाळ मोशेच्या टोपलीला हेमार आणि झेफेत लावतात. मग नोहाच्या वाट्यालाच हा परका शब्द का? बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, अक्कादी भाषेत डांबराला म्हणतात 'कुप्रु'. आणि त्याच भाषेतल्या गिल्गमेशच्या महाकाव्यात उतनपिश्तिम नावाचा म्हातारा, महापुरातून वाचलेला, आपल्या नावेची हकिगत सांगतो तेव्हा भट्टीत कुप्रु किती ओतलं याचं माप देतो.

डांबर मृत समुद्रावरही तरंगत येई. यहुद्यांना त्यासाठी युफ्रेटिसच्या काठी जायची गरज नव्हती. शब्द मात्र तिकडचा वाटतो. कोळ्याच्या धोतराला लागलेला डाग धुतला तरी वास राहतो, तसा या ओळीला राहिला आहे.

बायबलातली पुराची गोष्ट बाबेलकडेही आहे हे पहिल्यांदा ज्याच्या ध्यानात आलं तो माणूस विद्वान नव्हता. जॉर्ज स्मिथ, जन्म १८४०, लंडनचा. चौदाव्या वर्षी नोटांचे ठसे कोरण्याच्या कामाला लागलेला. जेवणाच्या सुट्टीत न जेवता ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन निनव्याच्या मातीच्या विटांवरची खिळ्यांसारखी अक्षरं बघत बसे. त्याला हाताशी धरणारा हेन्री रॉलिन्सन. हा १८२७ साली कंपनीच्या नोकरीत मुंबईला उतरला होता, मुंबई ग्रेनेडियर्समध्ये होता, आणि पैजेखातर पुण्याहून पनवेलपर्यंत घोडा फेकत गेल्याची त्याची कथा आहे. पुढे इराणात बेहिस्तूनच्या कड्याला लोंबकळून त्यानं शिलालेख उतरवून घेतले आणि ही लिपी वाचायची वाट उघडली. म्हणजे बाबेलच्या वाटेवरचा एक टप्पा आपल्या घाटातून जातो. असो. अभिमान वाटून घ्यायचं कारण नाही; घोडा पळाला होता.

१८७२ मध्ये एका विटेवर स्मिथला ओळी दिसल्या: डोंगरावर अडकलेली नाव, सोडलेलं कबुतर, टेकायला जागा न मिळून परत आलेलं. असं सांगतात, की आनंदानं बेभान होऊन तो खोलीत धावत सुटला आणि अंगावरचे कपडे काढू लागला. ३ डिसेंबर १८७२ ला त्यानं तो मजकूर लंडनमध्ये वाचून दाखवला तेव्हा श्रोत्यांत पंतप्रधान ग्लॅडस्टन होते. एका वर्तमानपत्रानं हजार गिनी देऊन त्याला निनव्याला पाठवलं. तिथंही त्याला पुराचा एक तुकडा सापडला. १८७६ मध्ये परतीच्या वाटेवर आलेप्पोला आमांशानं गेला तेव्हा त्याचं वय ३६ होतं. ज्या विटा त्यानं वाचल्या त्या असुरबनिपाल राजाच्या ग्रंथालयातल्या. इ.स.पू. ६१२ मध्ये निनवे जळलं. कागद असता तर राख झाली असती, मातीच्या विटा त्या आगीत भाजून पक्क्या झाल्या.

आता ती गोष्ट. मला तिच्यात सगळ्यात आवडतो तो कूड.

देवांनी ठरवलं आहे, पूर आणायचा. माणसाला सांगायचं नाही, अशी सगळ्यांनी शपथ घेतली आहे. एआ देवाला माणसाची कणव आहे, पण शपथ मोडता येत नाही. तो काय करतो? बोरूच्या कुडापाशी जातो आणि कुडाशीच बोलतो. कुडा, ऐक; घर मोड, नाव बांध. कुडापलीकडे माणूस आहे. भिंतीला कान असतात हे आपण म्हणतो ते जपून बोलण्यासाठी. एआ नेमका उलट, भिंतीला कान आहेत म्हणूनच बोलतो. शपथही राहिली, माणूसही राहिला. आमच्याकडे सासूला ऐकवायचं ते सून मांजराला सांगते. ही देवांची राजनीती मला एकदम घरातली वाटते.

मग सहा दिवस, सात रात्री वादळ. पूर असा, की देवच भेदरून स्वर्गाच्या वरच्या मजल्यावर पळतात आणि कुत्र्यांसारखे अंग चोरून बसतात. पाणी थांबतं, नाव डोंगराला लागते, सातव्या दिवशी कबुतर, मग पाकोळी, मग कावळा सुटतो. कावळा परत येत नाही. त्याला खायला मिळालं. (आपण पिंडाशी कावळा यायची वाट बघतो, तो म्हातारा कावळा न येण्याची वाट बघत होता.) नंतर तो डोंगरमाथ्यावर नैवेद्य दाखवतो आणि उपाशी देव त्या वासावर माश्यांसारखे गोळा होतात. उपाशी का? कारण खाऊ घालणारी माणसं त्यांनीच बुडवली होती.

बायबलात कावळा आधी जातो, कबुतर नंतर, तीनदा, आणि जैतुनाचं पान आणतं. नोहाही उतरल्यावर होम करतो आणि देवाला तो सुवास येतो. माश्या नाहीत, पण वास घेणारा देव तसाच राहिला. आकाश-पृथ्वी शब्दानं निर्माण करणारा देव इथं नाकानं हुंगतो. ज्या कुणा यहुदी लेखणीनं ही कथा नव्यानं मांडली, तिनं देवांची भूक काढून टाकली, गर्दी काढून टाकली, आणि तो वास काढायला तिचं मन झालं नाही.

सगळ्यात मोठा फरक कुडाचाच. हिब्रू कथेत कूड नाही, कारण कुजबुजायचं कोणापासून? देव एकच. बॅबिलोनमध्ये पूर एन्लिल आणतो आणि वाचवतो एआ. दोघांचं पटत नाही, माणूस त्या भांडणातल्या फटीतून निसटतो. एक देव मानला की बुडवणाराही तोच, वाचवणाराही तोच. मग ते भांडण जातं कुठे? मला वाटतं, ते त्या एका देवाच्या पोटात जातं. म्हणून तिथला देव पस्तावतो: आधी माणूस केल्याबद्दल, आणि पूर ओसरल्यावर मनाशीच म्हणतो की पुन्हा असं करणार नाही, माणूस आहे तसाच असला तरी. कथेतला सगळा कोलाहल एका मनात मिटला, आणि ते मन दुखऱ्या माणसासारखं झालं. याच्या मोबदल्यात माणसाचा आवाज गेला. उतनपिश्तिम आपली गोष्ट स्वतः सांगतो, रंगवून, मापांसकट. नोहा पुराच्या साऱ्या कथेत एक शब्द बोलत नाही.

पूर आणायचं कारणही बदललं. हीच पुराची गोष्ट सांगणाऱ्या अत्राहसिसच्या जुन्या बॅबिलोनी काव्यात (त्याची इप्पिक-आया नावाच्या लेखनिकानं केलेली प्रत इ.स.पू. सतराव्या शतकातली) धाकटे देव कालवे खणून दमतात, बंड करतात, म्हणून माती आणि मारलेल्या देवाचं रक्त-मांस कालवून माणूस घडवतात, मजुरीला. मजूर वाढतात, गोंगाट होतो, एन्लिलची झोप मोडते. बस, एवढंच. भाडेकरूंचा आवाज सहन न होणाऱ्या घरमालकासारखा तो रोगराई पाठवतो, दुष्काळ पाठवतो, शेवटी पूर. आणि पुरानंतरचा तोडगा काय, तर काही बायका वांझ राहतील, काही बाळं पाळण्यात जातील, म्हणजे गर्दी आवाक्यात राहील. ज्या घरात पाळणा रिकामा झाला असेल त्या घरात हे काव्य ऐकवताना कसं वाटत असेल! उत्पत्तीच्या पुस्तकात पुराचं कारण माणसाची हिंसा आहे, आणि पूर ओसरल्यावर देवाची पहिली आज्ञा आहे वाढा, पृथ्वी भरून टाका. जुनी गोष्ट ठाऊक असलेल्याच्या तोंडून आलेलं हे उत्तर आहे असं मी समजते. नुसतं ऐकीव असतं तर कबुतर आलं असतं, हा प्रतिवाद आला नसता.

ऐकलं कुठे? याचं एकच उत्तर नाही. मेगिद्दोला, आजच्या इस्रायलमध्ये, १९५० च्या दशकात एका मेंढपाळाला गिल्गमेशचा तुकडा सापडला, इ.स.पू. चौदाव्या शतकाच्या आसपासचा, त्याचा मित्र एन्किदू याच्या मृत्यूचा. तेव्हा यरुशलेमच्या देवळाचा पायाही घातला नव्हता. म्हणजे कथा कनानात आधीच वावरत होत्या. पण दुसरं ऐकणं मोठं, नबुखद्नेस्सरानं बॅबिलोनला धरून नेलेल्या यहुद्यांचं. स्तोत्रांत ते नदीकाठी रडतात, वीणा झाडांना टांगतात. मातीच्या विटांत मात्र ते शेतसारा भरताना दिसतात. आल-याहुदू, म्हणजे यहुद्यांचं गाव, नावाच्या वस्तीतल्या विटा मिळाल्या आहेत, सर्वांत जुनी इ.स.पू. ५७२ ची: जवाचं कर्ज, खजुराचा खंड, जमिनीचे करार. रडणं खरं होतं, पण पोटासाठी कालवे खणणंही खरं होतं. बॅबिलोनच्या राजवाड्यातल्या शिधापत्रांत तर खुद्द कैदी राजा यहोयाखीन आणि त्याच्या पाच मुलांना किती तेल द्यायचं त्याची नोंद आहे.

अशा वस्तीत मुलं मोठी होतात. त्यांना शेजारची भाषा येते, शेजारचे सण दिसतात. वर्षारंभी अकितूच्या उत्सवात चौथ्या दिवशी मार्दुक देवाचं सृष्टिकाव्य म्हटलं जाई. त्यात मार्दुक तियामत या आदिसमुद्राला मारून, सुकवायला मासळी चिरावी तशी चिरतो. अर्ध्या भागाचं आकाश करतो. (बोंबील चिरून वलांडीवर टाकलेले पाहिलेल्या माणसाला ही उपमा समजावून द्यावी लागत नाही.) उत्पत्तीच्या दुसऱ्याच ओळीत अंधाराखाली पसरलेलं अथांग पाणी आहे, 'तहोम'. तियामतशी त्या शब्दाचं नातं चुलत बहिणीचं. पण इथं कोणी कोणाला चिरत नाही. पाणी निमूट दुभंगतं.

आणि महिने! निसान, आव, एलूल, तिश्री ही यहुदी महिन्यांची नावं बॅबिलोनची. त्यांत तम्मूझ आहे, म्हणजे दुमुझी, दर उन्हाळ्यात मरणारा मेंढपाळ देव. यरुशलेमच्या देवळाच्या दाराशी बायका तम्मूझसाठी रडत बसल्या आहेत हे यहेज्केल संदेष्टा संतापून सांगतो. तो संताप पोथीत राहिला आणि तम्मूझही कॅलेंडरात राहिला. काकींचा उपास आव महिन्याच्या नवमीचा. ज्यानं देऊळ जाळलं त्याच्याच पंचांगात त्या जळण्याची तिथी मोजली जाते. चांद्रमास, मधूनच अधिक महिना, आपल्यासारखंच. म्हणून तर बहुतेक वर्षी बिरडं आणि नारळी पौर्णिमेचं डांबर एकाच आठवड्यात यायचं.

इथं मी स्वतःला थोपवते. कारण पुढचं वाक्य सुचलेलं असतं: कैदी राजाला तेल मिळे, आणि कोकणात त्याचे लोक तेली झाले! सात रात्रींचं वादळ, नवगावची सात जोडपी! हे लिहायला किती गोड वाटतं. आणि किती पोकळ आहे. सॅम्युएल सँडमेल या अभ्यासकानं १९६२ मध्ये या रोगाला नावच दिलं, साम्यांचं वेड. दोन गोष्टी सारख्या दिसल्या की एकीनं दुसरीची चोरली, हे ठरवायची घाई. ती घाई विषारीही होऊ शकते. १३ जानेवारी १९०२ ला बर्लिनमध्ये फ्रिडरिख डेलित्श यानं कैसरसमोर 'बाबेल आणि बायबल' हे गाजलेलं व्याख्यान दिलं. बायबलाचं मूळ बाबेलात आहे इथून निघालेला तो विद्वान पुढं ज्यूंच्या ग्रंथाला फसवणूक म्हणण्यापर्यंत पोचला. उसनवारी दाखवताना देणेकऱ्याची इज्जत काढायची, ही सावकारी वृत्ती. आमच्या काकी पीठ-साखर उसनी नेत आणि परत करताना वाटी कधी रिकामी पाठवत नसत. त्यात शेवई तरी असे नाहीतर चार लिंबं.

तरी एक साम्य मला सोडवत नाही. नोहाच्या तारवाला हिब्रूत 'तेवा' म्हणतात. हा शब्द बायबलात अजून एकाच वस्तूसाठी आला आहे: बाळ मोशेला ज्यात घालून नाईलच्या लव्हाळ्यात ठेवलं ती टोपली. एक तेवा ३०० हात लांब, दुसरी बाळाच्या मापाची. दोन्हींना डांबर, दोन्हींना ना सुकाणू ना वल्हं. मराठीत नोहाचं झालं तारू आणि मोशेचा झाला पेटारा, आणि ते धागे तुटले. मोशेच्या टोपलीमागे अक्कादच्या सार्गोन राजाची टोपली आहे: पुजारीण आई, बोरूची टोपली, डांबरानं बंद केलेलं झाकण, नदी, आणि पाणी शेंदणारा अक्की, त्यानं बाळ वर काढलं. आपल्याला लगेच कर्ण आठवतो. आठवू दे. पण कर्णाची पेटी वाहत जाते ती सूताच्या घरी, सार्गोनची राज्याकडे, आणि मोशेची थेट शत्रूच्या राजवाड्यात. तीन आयांनी तीन वेगळ्या भीतींपोटी बाळ पाण्यात सोडलं.

या विटांचे अभ्यासक आयर्विंग फिंकेल यांनी २०१४ मध्ये पुराच्या गोष्टीच्या एका जुन्या विटेचं वाचन प्रसिद्ध केलं. ६० ओळींची वीट, तीत नाव चक्क गोल: दोराच्या वेटोळ्यांची अजस्र टोपली, हंपीला तुंगभद्रेवर चालते तसली होडी. त्या मापांवरून, आकार लहान करून, एक नाव बांधून पाहिली ती केरळात, खाडीच्या पाण्यात. तरंगली, पण गळत होती. डांबर चांगलं मिळालं नव्हतं.

काकींचं घर १९७० च्या दशकात इस्रायलला गेलं. जाताना त्यांनी दाराच्या चौकटीवरची मेझुझा, म्हणजे शास्त्रवचनाची डबी, काढून नेली. तिच्या जागी लाकडाचा फिकट तिरपा चट्टा राहिला, नंतर आलेल्या बिऱ्हाडानं त्यावर रंग मारेपर्यंत. काकी तिकडेच गेल्या. त्यांची नात माझ्याबरोबर वाल सोलायला बसायची, ती आता दिमोनाला असते. सणासुदीला आमचं बोलणं होतं. तिची मराठी अजून अलिबागची आहे, माझ्यापेक्षा जुनी.

गेल्या श्रावणात तिला विचारलं, "काय गं, कोफेर म्हणजे काय?"

"कोफेर? खंडणी. कुणाला पळवून नेलं की मागतात ती."

"आणि डांबर?"

"झेफेत. काही फार बिघडलं की पण आम्ही म्हणतो, झेफेत झालं. का गं?"

मी तिला नोहाची ओळ सांगितली. ती जरा गप्प झाली. मागे तिच्या स्वयंपाकघरात काहीतरी परतल्याचा आवाज येत होता. "शाळेत पाठ केली होती की," ती म्हणाली. "पण तिथं डांबर आहे हे कधी डोक्यात आलंच नाही." मग म्हणाली, "ते राहू दे. इथं वाल मिळतात, पण गोडे. कडवे कुणी आणत नाही. तुझ्याकडचं कुणी येणार असेल तर किलोभर पाठव. पुढल्या गुरुवारी उपास आहे."

मी हो म्हटलं. खिडकीतून किनाऱ्याकडचा वारा येत होता, आणि आता होड्या फायबरच्या असतात.